साखर बघणारं कुणी आहे का तिकडे?

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. कुठलाही प्रश्न समोर आला, की आधी त्याचं अ‍ॅप दिसायला लागतं. सोसायटीचं पार्किंग? अ‍ॅप. कामाच्या मावशींच्या सुट्ट्या? अ‍ॅप. तेव्हा गरोदरपणातल्या मधुमेहावर अ‍ॅप निघाली नसती तरच नवल! निघाली आहेत, आणि भरपूर निघाली आहेत. रंगीत आलेख, गुलाबी पार्श्वभूमी, 'तुमचं बाळ आज वांग्याएवढं झालं' वगैरे सगळा सरंजाम. गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात आणि नात्यात मिळून दोन बाळंतपणं या आजारासकट झाली, त्यामुळे हा सरंजाम मी जरा जास्तच जवळून पाहिला. आणि माझं मत असं झालंय, की या आजारात टेलिमेडिसिनइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही, पण आपण तिच्यातला भलताच भाग विकत घेतोय.

(आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस वगैरे विचारायला माझ्याकडे येऊ नका. मी फक्त सिस्टिम्सबद्दल बोलणार आहे, कारण पोटापाण्यासाठी तेवढंच येतं.)

आधी आजार थोडक्यात. गरोदरपणाच्या साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर वारेतून जी हॉर्मोन्स सुटतात, ती आईच्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन बनवून वेळ मारून नेतं. काहींचं नेत नाही, आणि रक्तातली साखर वाढते. आता गंमत अशी, की आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणजे बाळाला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवावं लागतं, आणि ते इन्सुलिन बाळाला गुबगुबीत करतं. घरचे खूश, 'बाळ चांगलं बाळसेदार आहे हो!' डॉक्टर मात्र खूश नसतात, कारण मोठं बाळ म्हणजे अडलेलं बाळंतपण, सिझेरियन, आणि जन्मल्यावर नाळ तुटली की साखरेचा पुरवठा बंद पण बाळाचं इन्सुलिन चालूच, त्यामुळे बाळाची साखर धाडकन खाली.

आपल्याकडे याची तपासणी सोपी आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकारातून आलेली पद्धत: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, उपाशीपोटी असलंच पाहिजे असं नाही, आणि दोन तासांनी साखर बघायची. १४० किंवा वर आली तर मधुमेह. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हीच आहे: एकदा पहिल्या भेटीत, आणि तेव्हा ठीक आली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. आणि उपचाराचा उपयोग होतो का? होतो. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हजार बायकांचा एक अभ्यास छापला होता. ज्यांच्यावर उपचार झाले त्यांच्या बाळांमध्ये गंभीर त्रासाचं प्रमाण १ टक्का, ज्यांची नेहमीसारखीच देखभाल झाली त्यांच्यात ४ टक्के. आणि हे उपचार म्हणजे काही रॉकेट सायन्स नव्हतं. आहार, घरी साखर मोजणं, आणि लागलंच तर इन्सुलिन.

आता माझ्या आवडीचा भाग, म्हणजे हिशेब.

समजा २६व्या आठवड्यात निदान झालं आणि ३८व्यात बाळंतपण. हातात आले १२ आठवडे. दिवसातून चार वेळा साखर मोजायची: सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर. म्हणजे ८४ दिवस गुणिले ४, झाले ३३६ आकडे. त्यातली उपाशीपोटीची ९५च्या आत हवी, जेवणानंतर दोन तासांची १२०च्या आत. पट्टी वीस रुपयाला धरली तर नुसत्या पट्ट्यांचेच ६,७२० रुपये. आता डॉक्टरांची भेट दर पंधरा दिवसांनी, म्हणजे सहा भेटी. प्रत्येक भेटीत ५६ आकडे टेबलावर ठेवायचे, आणि बाहेर ओपीडीत वीस बायका ताटकळत बसलेल्या. डॉक्टर वहीवर बोट फिरवून म्हणणार, 'ठीक आहे, भात जरा कमी करा.'

पुण्यात सोलर असलेल्या सोसायटीत राहिला असाल तर एक अनुभव तुम्हाला असेलच. गरम पाण्याचा नळ सोडला की दोन मिनिटं गारच पाणी येतं. तुम्ही वैतागून तो आणखी सोडता, गार बंद करता, आणि मग एकदम असं कढत येतं की बादलीत हात घालायची सोय नाही. नळ चांगला आहे, सोलर चांगला आहे, तुम्हीही हुशार आहात. फक्त तुम्ही केलेल्या बदलाचा परिणाम उशिरा कळतो, एवढंच. पंधरा दिवसांची भेट म्हणजे हाच नळ. तीन महिन्यांत दुरुस्तीच्या सहा संध्या, आणि त्यात शरीर एका जागी थांबलेलं नाही! इन्सुलिनची गरज साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत वाढतच जाते. गेल्या भेटीत जुळवलेलं गणित या भेटीपर्यंत शिळं होतं. तेच दर तीन दिवसांनी कुणी आकडे पाहून एक वाक्य बोललं तरी दुरुस्तीच्या संध्या २८ होतात. टेलिमेडिसिनचा या आजाराशी इतका छान सांधा जुळतो तो याच कारणासाठी. पोट दुखतंय, पुरळ उठलंय, यासाठी डॉक्टरला बघावं लागतं. इथे बघायचा असतो तो आकडा, आणि आकडा फोनवरून जातो.

पण... तो आकडा तिकडे कुणीतरी वाचला पाहिजे ना!

आमच्या घरचंच सांगतो. बायकोचं नाव एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये घातलं होतं. त्यांचं अ‍ॅप होतं, आणि इंजिनियर म्हणून सांगतो, अ‍ॅप झकास होतं. ग्लुकोमीटर ब्लूटूथने जोडायचा, आकडा आपोआप वर जायचा. सकाळची साखर सलग नऊ दिवस ९९ ते १०४ येत होती. अ‍ॅप दर वेळी आकडा लाल करायचं आणि खाली लिहायचं, 'खचून जाऊ नका, तुम्ही छान करताय!' आम्ही चॅटमध्ये लिहिलं, तर उत्तर आलं की तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. फोन लावला, तर पुढची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे तेव्हा बोला. गुरुवारी डॉक्टरांनी एक मिनिट पाहिलं आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. डॉक्टरांचं अजिबात चुकलं नाही. त्यांच्यापर्यंत तो आलेख पोहोचतच नव्हता, तो कुठल्यातरी सर्व्हरवर सुखाने नांदत होता. ८४ दिवसांतले नऊ दिवस गेले. पुढे सगळं नीट झालं, लेक मजेत आहे, पण ते नऊ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्याच सुमारास माझी मामेबहीण बार्शीला, तिच्या सासरी. तिच्या मधुमेहाचे डॉक्टर सोलापूरला, म्हणजे ७० किलोमीटर. अ‍ॅप-बिप काही नाही. त्या डॉक्टरांकडे एक सिस्टर आहेत, त्या रोज रात्री नऊच्या सुमारास फोन करायच्या. 'हां ताई, सांगा आजचे चार.' ही चार आकडे सांगायची. मग, 'दुपारी १४८ कशी काय? काय खाल्लं? पुरणपोळी? बरं बरं, सण होता, पण उद्या नको हां. आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, वीस मिनिटं अंगणात फिरायचं.' अडीच मिनिटांचा फोन. सकाळची साखर तीन दिवस वर आली तेव्हा सिस्टरनी डॉक्टरांच्या कानावर घातलं, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, इंजेक्शन कसं घ्यायचं ते समोर बसवून शिकवलं. पुढचे डोसातले बदल फोनवर. ती मला म्हणाली, 'दादा, मला सिस्टरांची इतकी सवय झालीय की नऊ वाजले की जेवलेलं आठवायला लागतं!'

मला विचाराल तर खरं टेलिमेडिसिन बार्शीत होतं. पुण्यात होता तो डेटाबेस.

हे माझ्या दोन घरांवरून काढलेलं मत आहे असं कुणी म्हणेल, म्हणून ऑक्सफर्डचा एक अभ्यास सांगतो. २०१८ साली प्रसिद्ध झाला. २०३ बायका, निम्म्यांची नेहमीची देखभाल, निम्म्यांना फोनवरून साखर पाठवायची सोय. महत्त्वाचं म्हणजे, दवाखान्यातल्या मिडवाइफ ते आकडे नियमित बघायच्या आणि मेसेज पाठवायच्या. निकाल काय? सरासरी साखरेत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही! पण फोनवाल्या गटात बायका जास्त समाधानी, दिवस भरण्याआधीची बाळंतपणं कमी (५ टक्के विरुद्ध १३), सिझेरियनही कमी (२७ टक्के विरुद्ध ४६). आता अभ्यास लहान आहे आणि सिझेरियन हा काही त्याचा मुख्य प्रश्न नव्हता, त्यामुळे लगेच पेढे वाटू नयेत. पण निदान एवढं तर दिसतं, की दवाखान्याच्या खेपा घालण्याऐवजी घरून आकडे पाठवले तर साखर बिघडत नाही, आणि बाईला बरं वाटतं. नऊ महिन्यांच्या पोटाने हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून जाणाऱ्या बाईला हे काही कमी नाही.

दुसरा मुद्दा, जो अ‍ॅपवाल्यांच्या डोक्यात कधीच येत नाही: फोन कुणाचा आणि ताट कुणाचं?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. आकडे तेव्हापासून वाढले असतील, पण 'प्रत्येक पेशंटच्या हातात तिचा स्मार्टफोन' हे गृहीतक किती पोकळ आहे ते कळतं. माझ्या बहिणीचा फोन दिवसभर दुकानात, नवऱ्याकडे. सिस्टरनी काय केलं, तर तिला विचारून सासूबाईंचा नंबर घेतला. आणि त्यातून भलताच फायदा झाला. सासूबाई रोज सकाळी प्रेमाने साजूक तुपातला शिरा करायच्या, 'दोन जीवांची आहेस, खा.' सुनेने नको म्हणणं म्हणजे उद्धटपणा. पण सिस्टरच फोनवर 'आई, शिऱ्याऐवजी दोन मुगाची धिरडी द्या बरं, साखर खाली येते का बघू आपण' म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी आकडा खाली आला, तेव्हा सासूबाईच सगळ्या गल्लीला सांगत फिरल्या! प्रत्येक घरात हे जमेल असं नाही. काही घरांत आजार सासरी कळलेलाच बाईला नको असतो, तिथे असला फोन म्हणजे आगीत तेल. म्हणूनच हे ठरवायला माणूस लागतं, सेटिंग्जमधलं एक बटण पुरत नाही.

ताटाचंही तसंच. अ‍ॅपमधले आहारतक्ते ओट्स आणि किन्वावर चालतात. आपली बाई दोन पोळ्या खाल्ल्या म्हणून टाकते. कुणाच्या मापाच्या दोन? घडीच्या की फुलके? साबुदाण्याची खिचडी 'उपास' म्हणून नोंदवली जाते, आणि चतुर्थीच्या रात्री साखर का उसळली हे मशीनला कळत नाही. शिवाय डोहाळजेवण येतं नेमकं सातव्या महिन्यात, म्हणजे निदान होऊन जेमतेम तीन-चार आठवडे झालेले असताना! ताटाचा फोटो पाहून 'भात अर्धा, उसळ दुप्पट, आणि गोड आजच्यापुरतं एक घास' असं सांगणारी आहारतज्ज्ञ फोनवर असेल, तर तो दिवस आनंदात जातो. नाहीतर एकतर सगळं खाऊन अपराधी वाटतं, किंवा काहीच न खाता रडू येतं.

आणि माहेर! पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली पद्धत. सातव्या-आठव्या महिन्यात, इन्सुलिनची गरज चढत असताना, बाई बॅग भरून दुसऱ्या गावाला जाते. डॉक्टर बदलतो, फाइल अर्धी इथे, अर्धी तिथे. महाराष्ट्रात टेलिमेडिसिनची खरी जागा मला इथे दिसते. पुण्याचे डॉक्टर आकड्यांवर नजर ठेवून, आणि कोल्हापूरच्या किंवा परभणीच्या डॉक्टरांच्या हातात प्रत्यक्ष तपासणी. दोघांचं एकमेकांशी बोलणं मात्र हवं. सरकारच्या ई-संजीवनीत २०१९ पासून असा एक प्रकार आहे: गावच्या आरोग्य केंद्रातली कर्मचारी पेशंटला शेजारी बसवून दूरच्या डॉक्टरशी बोलते. रक्तदाब मोजायला, बोट टोचायला, धीर द्यायला कुणीतरी तिथे असतंच. मला ही रचना शहाणपणाची वाटते.

आता दुसरी बाजू. फोनवरून सगळंच होत नाही, आणि होतं असं सांगणाऱ्यापासून लांब राहावं. रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन, बाळाच्या वाढीची सोनोग्राफी, यासाठी जायलाच हवं. बाळाची हालचाल कमी वाटली तर मेसेज टाकून निळ्या टिकची वाट बघत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कोकणातल्या एका डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन फेटाळला होता. सिझेरियननंतर दगावलेल्या बाईचं ते प्रकरण, आणि आरोप असा की डॉक्टर गावात नसताना फोनवर सांगून औषधं दिली गेली. त्यानंतर डॉक्टर मंडळी फोनला हात लावायलाही बिचकत होती. मग २५ मार्च २०२०ला, लॉकडाउनच्याच दिवशी, टेलिमेडिसिनचे नियम आले, आणि काय चालतं काय नाही याची चौकट मिळाली. त्या प्रकरणाचा धडा मात्र जुना झालेला नाही: फोन हा डॉक्टरच्या दोन भेटींच्या मधला पूल आहे, भेटीची बदली नव्हे.

आणि पैशाचं काय? रात्री नऊला फोन करणाऱ्या सिस्टरना पगार द्यावा लागतो. आपण अ‍ॅपच्या सबस्क्रिप्शनला पैसे देतो, सोनोग्राफीला देतो, पण डॉक्टरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेल्या आकड्यांना 'एक मिनिटाचं तर काम आहे' म्हणून फुकट धरतो. मग डॉक्टरही रात्री साडेअकराचे फुकट मेसेज बघायचं सोडून देतात, त्यांचं काय चुकलं? माझं तर स्पष्ट म्हणणं आहे, बारा आठवड्यांची एक फी ठरवावी आणि तिच्यात आकडे वाचून उत्तर देणं धरावं. विमा नियामकाने जून २०२०मध्ये कंपन्यांना सांगितलंय की जिथे पॉलिसीत डॉक्टरचा सल्ला धरलेला आहे तिथे टेलिमेडिसिनही धरा. आपल्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण असतं, पण ओपीडी बहुतेक वेळा नसते. पुढच्या वेळी एचआर 'काही सूचना?' असं विचारेल, तेव्हा टेबल टेनिसच्या टेबलाऐवजी हे मागा.

ज्यांच्या घरी हा प्रसंग आहे त्यांनी हॉस्पिटलला अ‍ॅपमध्ये काय काय आहे हे विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. आमचे आकडे कोण बघणार, नाव काय? किती तासांत उत्तर? आणि सलग तीन दिवस आकडा वर आला तर आम्ही न विचारता तुम्ही फोन करणार का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर काय ते समजून जा. आता दंडावर चिकटवायचे सेन्सरही मिळतात, त्यांतून दिवसाला शेकडो आकडे येतात. प्रश्न तोच राहतो, उलट मोठा होतो.

एक चौथी गोष्ट, जी कुणीच विचारत नाही. बाळंतपण झालं, वार पडली, की साखर बहुतेक वेळा खाली येते आणि सगळे विसरतात. अ‍ॅप 'अभिनंदन!' म्हणून लसीकरणाकडे वळतं. पण सहा आठवड्यांनी आईची ७५ ग्रॅमवाली तपासणी परत करायची असते, कारण हा मधुमेह होऊन गेलेल्या बाईला पुढे टाइप २ होण्याचा धोका, २००९च्या आणि २०२०च्या दोन मोठ्या आढाव्यांनुसार, इतरांच्या सात ते दहा पट असतो. त्या सहाव्या आठवड्यात बाई माहेरी असते, झोप नसते, बाळ रडत असतं, आणि तिच्या स्वतःच्या तब्येतीचं नाव घरात कुणी काढत नाही. बार्शीला त्या दिवशीही रात्री नऊला फोन आला. 'ताई, बाळ कसंय ते नंतर सांगा. तुमची तपासणी झाली का?'

झाली नव्हती. दोन दिवसांनी झाली.